डाईंग चार रस्त्यावरचा हिरवा दिवा

१

सुकलालला टेम्पोने उडवलं हे सुरतेतल्या अख्ख्या गोडादऱ्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. भर दुपार, खानदेशी लोकांच्या कानबाई देवीच्या विसर्जनाची मिरवणूक, ढोल, गुलाल, बायकांच्या फुगड्या, आणि सगळ्यांच्या पुढे नाचणारा सुकलाल. डाईंग चार रस्त्याच्या मधोमध तो टेम्पोखाली आला आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. यात शोधायचं काय? काही नाही. शोधायचं होतं ते एवढंच, की रस्ता माणसांनी फुललेला असताना त्या टेम्पोला हिरवा दिवा दिला कोणी?

पोलिसांना ते दिवस मावळायच्या आत सापडलंसुद्धा. एवढ्या लवकर सापडलेल्या गोष्टीवर माझा तरी विश्वास बसत नाही, पण ते असो.

आता हा सिग्नल साधासुधा नव्हता. वर्षभरापूर्वी एका कंपनीने तो बसवला होता. खांबावर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे यंत्र. लाखो फोटो दाखवून त्या यंत्राला शिकवलं होतं, की ही मोटरसायकल, ही रिक्षा, हा टेम्पो. कुठल्या बाजूला किती गाड्या तुंबल्यात हे ते स्वतः बघायचं आणि स्वतःच दिवे बदलायचं. माणसाचा हात लागायची गरजच नाही, अशी मोठी पाटीच चौकात लावली होती. तरी कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती आणि पेटीत एक जुना खटका. तो फिरवला की यंत्र गप्प, आणि दिवे माणसाच्या ताब्यात. याला चौकातले लोक म्हणायचे, सिग्नल हातावर घेणं.

संध्याकाळी पोलिसांनी पेटी उघडली तेव्हा खटका हातावर होता. चावी होती गजेंद्रच्या गळ्यात. गजेंद्र म्हणजे चौकात शिट्टी वाजवणारा, मानधनावरचा ट्रॅफिक जवान. राहणारा गोडादऱ्याचा, कानबाई त्याच्याच गल्लीची. झालं! स्वतःच्या लोकांची मिरवणूक काढून द्यायला पठ्ठ्याने सिग्नल हातावर घेतला, आणि नाचण्याच्या नादात भलत्याच बाजूला हिरवा दिला. गुन्हा दाखल, गजेंद्र कोठडीत.

आणि मेलेला सुकलाल कोण? गजेंद्रचा सख्खा मामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडव्होकेट सुषमा पवारच्या दारात एक बाई येऊन बसली. डोळे सुजलेले, कपाळावर अजून कालचा गुलाल. ती कलाबाई, गजेंद्रची आई. सुषमा गोडादऱ्यातच वाढलेली, बाप कापडाच्या लूमवर राबलेला, त्यामुळे पायरीवर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायची तिला सवय नव्हती.

"मना भाऊ गया," कलाबाई म्हणाली. "आते पोऱ्याबी जाई का, माय?"

"मावशी, आधी आत या."

"पोऱ्या सांगस, मी पेटी उघडीच नही."

सुषमा थांबली. "उघडलीच नाही?"

"कानबाईनी आन घेस, नही उघडी."

मग खटका फिरवला कोणी?

२

ठाण्यात फौजदार वसावासाहेबांनी सुषमाला बसायला खुर्ची दिली आणि वर सल्लाही दिला. "बेन, उगाच वेळ घालवताय. चावी त्याच्या गळ्यात, मिरवणूक त्याची. संध्याकाळी कोर्टात उभा करतोय."

"चावी एकच आहे?"

"दुसरी सिग्नल कंपनीच्या प्रवीणभाईंकडे. ते त्या दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला ऑफिसात होते."

"कोण म्हणतं?"

"ते स्वतःच म्हणतात."

"वा!" सुषमा म्हणाली. "माझा अशील स्वतः म्हणतो की पेटी उघडली नाही, ते तुम्हाला चालत नाही. प्रवीणभाई स्वतः म्हणतात ते चालतं. हा कुठला न्याय, साहेब?"

वसावासाहेब ओशाळं हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. दमलेल्या माणसाला सोपं उत्तर आवडतं.

गजेंद्र गजांमागे भिंतीला टेकून बसला होता. डोक्यापासून पायांपर्यंत लाल. कालपासून त्याला अंघोळ कुठली? केसांत गुलाल, कानांत गुलाल, दहाही बोटांच्या नखांत गुलाल.

"खरं सांग," सुषमाने विचारलं. "त्या वेळी तू होतास कुठे?"

साहेब जवळपास नाहीत ना, हे त्याने आधी बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "ताई, साहेबाला नका सांगू. मी ड्युटी सोडून मिरवणुकीत घुसलो होतो. आईने डोक्यावर कानबाई घेतली होती ना. पोरांनी मला ओढलं, गुलाल फासला, मीबी नाचलो."

"अरे शहाण्या, हे आधी का नाही बोललास?"

"ड्युटी सोडली म्हणून नोकरी जाईल ना."

सुषमाने कपाळाला हात लावला. फासावर चाललेल्याला टोपी पडायची काळजी!

"आणि सिग्नल का नाही घेतलास हातावर? मिरवणूक दिसत होती की."

त्याची मान खाली गेली. "प्रवीणभाईंनी दम भरला होता. महिनाभर कुठलाच चौक हातावर घ्यायचा नाही. पेटीला हात लावलास तर कायमचा घरी बसशील म्हणाले. मी नाही लावला, ताई. लावला असता तर मामा..."

त्याने तोंड गुडघ्यांत खुपसलं.

तिथून ती कलाबाईच्या घरी गेली. घर म्हणजे लूमच्या कारखान्याला चिकटलेली एक खोली. कानबाईचा चौरंग रिकामा, कोपऱ्यात स्टीलच्या डब्यात कानबाईच्या प्रसादाचे रोट झाकून ठेवलेले. सकाळपासून सुषमाच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं आणि ते कलाबाईच्या नजरेतून सुटलं नाही. दुःखाच्या घरातसुद्धा आईची नजर आधी पोटाकडेच जाते.

"घरमा नुसता रोट शेतस," ती अवघडून म्हणाली. "आन ते तुले देता येत नही."

"माहीत आहे, मावशी. मी काय परमुलखातली आहे?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खानदेशात कानबाईचे रोट म्हणजे पेढे नव्हेत, की आला-गेला त्याच्या हातावर ठेवावेत. ज्या कुळाचे रोट त्याच कुळाने खायचे. शेजारी असो, पाहुणा असो, मोठा साहेब असो, त्याला पोळी द्या, खीर द्या, जीव द्या, पण रोट नाही.

"मावशी, गजेंद्रचं कोणाशी वाकडं होतं?"

"त्या भाईदासशी. ज्याना टेम्पो व्हता."

सुषमा उठलीच.

३

भाईदास शेठचे टेम्पो चौकाच्या कोपऱ्यावरून ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेल्या कापडाचे तागे घेऊन मार्केटला जायचे. शेठ गादीवर बसून होता, पण एरवीचा रुबाब नव्हता.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात," तो म्हणाला. "हो, माझं गजेंद्रशी भांडण होतं. माझ्या गाड्यांना हिरवा धरून ठेव म्हणायचो, तो ऐकायचा नाही. पण म्हणून मी माणूस मारीन?"

"तुमच्या ड्रायव्हरने मिरवणूक दिसत असताना गाडी का घातली?"

"दिवा हिरवा होता, बेन! आणि एकदाच नाही. मी इथून बघत होतो. मिरवणूक चौकात आली तसा आमच्या बाजूचा हिरवा झाला. मिरवणुकीतल्या पोरांनी हात आडवे करून गाड्या अडवल्या. परत लाल झाला. थोड्या वेळाने परत हिरवा. परत पोरं आडवी. सारखं तेच. माझा ड्रायव्हर मागे होता, नवा होता. पुढचे बाजूला झाले आणि त्याला वाटलं रस्ता मोकळा झाला." शेठने तोंड पुसलं. "तो पोरगा घरी बसून रडतोय."

सुषमा रस्त्याकडे बघत राहिली. सारखा सारखा हिरवा. सिग्नल हातावर असेल तर प्रत्येक हिरव्यासाठी कोणीतरी पेटीपाशी उभं राहून बटण दाबायला हवं. चुकून एकदा दाबेल. स्वतःची आई डोक्यावर कानबाई घेऊन समोर नाचत असताना कोण पुन्हा पुन्हा दाबेल?

"शेठ, पेटीपाशी कोणी होतं?"

"मिरवणूक होती तोवर कोणी नव्हतं. नंतर सगळी गर्दी दवाखान्याकडे पळाली. मीही पळालो. मग कोण आलं, कोण गेलं, देव जाणे."

हाच माणूस खोटं बोलत असेल तर? टेम्पो त्याचा, भांडण त्याचं. ड्रायव्हरला वाचवायला काहीही सांगेल. म्हणून सुषमा तिथून थेट निघाली ती सिग्नल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये. ज्याने हिरवा दिला असेल त्या यंत्रालाच विचारू म्हटलं.

कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदे होते आणि त्यांच्यासमोर रुपाली बसली होती. मूळची परभणीकडची, सुरतेच्याच भेस्तानात वाढलेली, इंजिनिअर झालेली. यंत्राला शिकवण्याचं काम तिचं.

"त्या दुपारचं मला काही दाखवता येणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "खोदकामात केबल तुटली होती. तिथलं यंत्र स्वतःच्याच डोक्याने चालत होतं. पेटीत एक मेमरी कार्ड असतं, पण प्रवीणसर म्हणाले, पेटीत पाणी शिरलं, कार्ड खराब झालं."

"खराब झालेलं कार्ड कुठे आहे?"

"फेकलं म्हणाले."

सुषमाने मान हलवली आणि पडद्याकडे बघितलं. कुठल्याशा दुसऱ्या चौकाचं चित्र होतं. प्रत्येक गाडीभोवती यंत्र एक पिवळी चौकट काढत होतं. रिक्षाभोवती चौकट, बुलेटभोवती चौकट, उसाच्या रसाच्या गाड्याला जोडलेल्या स्कूटरभोवतीसुद्धा चौकट. मग डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई रस्ता ओलांडू लागली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

तिच्याभोवती चौकट आलीच नाही.

"रुपाली," सुषमा म्हणाली, "ही बाई यंत्राला दिसली का?"

रुपालीचा चेहरा उतरला.

४

"माणसं मोजायला शिकवलेलंच नाही त्याला," रुपाली हळू आवाजात म्हणाली. "गाड्या मोजायचं कंत्राट होतं. मी सांगितलं होतं. गेल्या गणपतीत सांगितलं, ताजियाच्या वेळी सांगितलं, की गर्दी पायी असली की यंत्राला रस्ता रिकामा दिसतो. रिकामा दिसला की ते दुसऱ्या बाजूला हिरवं देतं."

"मग?"

"मग असं ठरलं, की मिरवणूक असेल तेव्हा प्रवीणसरांनी स्वतः जाऊन चौक हातावर घ्यायचा. पण या महिन्यात पुढच्या चौकांचं काम मिळायचं आहे. एकही चौक हातावर न घेता महिना काढून दाखवायचा, असं वरून आलंय." ती घाबरून दाराकडे बघू लागली. "मॅडम, माझं नाव घेऊ नका. घरात कमावणारी मी एकटीच आहे."

"तुझी आई काय करते?"

"भेस्तानला साड्यांना टिकल्या लावते."

"कामाला गाडीने जाते?"

रुपालीने पडद्यावरच्या त्या रस्त्याकडे बघितलं. तिची आई पायीच जात असणार, हे सुषमाला न सांगताही कळलं.

एवढ्यात प्रवीणभाई आत आले. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा माणूस. सुरतेत मराठी माणसांत इतकी वर्षं काढून मराठी उत्तम शिकलेला.

"सुषमाबेन! या, या. फार वाईट झालं. गजेंद्र चांगला मुलगा हो, पण भावनेच्या भरात माणूस चुकतो."

"तुम्हाला खात्री आहे त्यानेच पेटी उघडली?"

"बेन, मी पोलिसांना सांगितलंय, तेच तुम्हाला सांगतो. त्या सकाळी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो होतो. त्याला समजावायला. तो म्हणाला, आमची कानबाई निघते, मी सिग्नल हातावर घेणार. मी नको म्हटलं. नंतर मी इच्छापोरला निघून गेलो. माझंच चुकलं, थांबायला हवं होतं." त्यांनी सुस्कारा सोडला. सुस्कारा झकास होता, अगदी इस्त्री केल्यासारखा.

"घरी कोण होतं?"

"त्याची आई. फार प्रेमळ बाई. एवढ्या गडबडीत मला बसवलं, कानबाईचा रोट हातावर ठेवला. खाल्ल्याशिवाय जाऊ देईना."

सुषमाने चेहरा जराही हलू दिला नाही. "रोट? कसा होता?"

"मस्त! गोड, खुसखुशीत. तुमच्या लोकांचा पाहुणचार म्हणजे काय बोलावं!"

"खरंय," सुषमा म्हणाली. "उद्या सकाळी चौकात याल का? वसावासाहेब पण येतील. हे सगळं तिथेच एकदा सांगा."

"का नाही? आनंदाने."

बाहेर आल्यावर सुषमा जिन्यात थांबली आणि एकटीच हसली. मग तिचं हसू मावळलं. एका खोट्याने माणूस खोटारडा ठरतो, खुनी ठरत नाही. वसावासाहेब म्हणतील, नसेल गेला घरी, पण पेटी कोणी उघडली? चावी तर गजेंद्रच्याच गळ्यात होती.

त्याचं उत्तर त्या पेटीतच असायला हवं होतं.

५

पेटी सील करून ठेवली होती आणि चौक आता पोलीस हातावरच चालवत होते. वसावासाहेबांनी कुरकुरत सील तोडलं.

पेटी वरून लालभडक होती. झाकणावर, बिजागऱ्यांवर, पाठीमागे, गुलालाचा नुसता थर.

"साहेब, प्रवीणभाई म्हणतात पेटीत पाणी शिरलं. गुलालावर पाणी पडलं तर काय होतं?"

"ओघळ येतात."

"बघा बरं. ओघळ आहे?"

साहेबांनी पेटीभोवती फेरी मारली. गुलाल भुरभुरीत, कोरडा, बोट लावलं की उडणारा. एक ओघळ सापडेल तर शपथ. आतही सगळं खडखडीत.

"मग कार्ड कसलं खराब झालं?" सुषमाने विचारलं. "बरं, ते राहू द्या. तो खटका बघा. संध्याकाळी पेटी उघडल्यावर तुमच्यापैकी कोणी हात लावला होता?"

"नाही. आधी फोटो काढले. खटका, बटणं होती तशी ठेवून दिव्यांच्या तारा पेटीबाहेरून जोडल्या."

पांढऱ्या प्लॅस्टिकचा खटका. स्वच्छ. दिवाळीला पुसून ठेवावा तसा स्वच्छ. खटक्याच्या आजूबाजूची बटणंही तशीच.

"आता तुमच्या कोठडीतला माझा अशील आठवा. कसा दिसतो तो?"

वसावासाहेबांनी पुन्हा त्या पांढऱ्या खटक्याकडे बघितलं. "लाल," ते म्हणाले.

"केसांपासून नखांपर्यंत. हे बघा, तो ड्युटी सोडून मिरवणुकीत नाचत होता. ही चूक त्याने केली आणि ती भीतीने लपवली, तीही मी तुम्हाला सांगून टाकते. ती पाहणारी शंभर माणसं आहेत. त्या हातांनी त्याने नाचता नाचता पेटी उघडली असती, खटका फिरवला असता, पुन्हा पुन्हा बटणं दाबली असती, तर हा खटका पांढरा राहिला असता? ज्याने हा फिरवला त्याला गुलाल लागलेलाच नव्हता. तो मिरवणुकीत नव्हता. तो नंतर आला."

"चार रस्ता रिकामा झाल्यावर," साहेब स्वतःशीच म्हणाले.

"आणि चावी घेऊन आला."

वसावासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "पण बेन, खटका नंतर फिरवला असेल, तर अपघाताच्या वेळी दिवा यंत्राच्याच ताब्यात होता. मग यंत्राने माणसांच्या अंगावर हिरवा दिला? कंपनी म्हणते ते अशक्य आहे. कोर्ट माझं ऐकेल की कंपनीचं?"

"कोर्टाला डोळे आहेत, साहेब. उद्या गजेंद्रला इथे घेऊन या. बाकीच्यांना मी आणते."

"बाकीचे म्हणजे किती?"

"अख्खी मिरवणूक," सुषमा म्हणाली.

६

सकाळी उन्हं वर आली तेव्हा डाईंग चार रस्त्याच्या चारी बाजूंना पोलिसांनी दोर बांधून गाड्या मागेच अडवल्या होत्या. भाईदास शेठने आपल्या रिकाम्या टेम्पोंची रांग एका बाजूला लावून दिली, इंजिनं बंद करून. समोरच्या बाजूला गोडादऱ्याच्या बायका होत्या. कानबाईला गेल्या होत्या त्याच सगळ्या, पण आज ढोल नव्हता. पुढे कलाबाई. बेड्यांतला गजेंद्र वसावासाहेबांच्या शेजारी, अजून तसाच लाल.

"हे काय नाटक?" प्रवीणभाईंनी विचारलं.

"काही नाही. सिग्नल परत यंत्राच्या ताब्यात द्या आणि बघा," सुषमा म्हणाली.

"मी असं परस्पर करू शकत नाही. कंपनीची परवानगी..."

"मी करते," मागून आवाज आला. रुपाली होती. पेटीपाशी जाऊन तिने तारा परत होत्या तशा जोडल्या, खटका फिरवला आणि आपला लॅपटॉप उघडून सगळ्यांना दिसेल असा पेटीवर ठेवला.

"रुपाली, उद्यापासून येऊ नकोस," प्रवीणभाई दातओठ खात म्हणाले.

"नाही येत."

सुषमाने हात वर केला. बायका रस्त्यात उतरल्या. कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, झेब्रा पट्ट्यांवर, पट्ट्यांच्या पुढे, चौकाच्या मध्यापर्यंत. रस्ता साड्यांनी भरून गेला. लॅपटॉपवर टेम्पोंभोवती एकामागून एक पिवळ्या चौकटी उमटल्या. बायकांच्या बाजूला एकही नाही. तिथे आकडा होता शून्य.

सगळे दिव्याकडे बघत होते. आणि दिवा बदलला. बायकांच्या बाजूला लाल, टेम्पोंच्या बाजूला हिरवा. थोड्या वेळाने लाल. मग परत हिरवा. भाईदास शेठने सांगितलं होतं अगदी तसं.

वसावासाहेब लॅपटॉपवर वाकले. मग ते हळूच म्हणाले, "एवढी माणसं... आणि शून्य?"

"हा योगायोग आहे," प्रवीणभाई म्हणाले. त्यांच्या शर्टाची इस्त्री घामाने गेली होती. "यंत्र कसंही वागू दे, त्या दिवशी गजेंद्रने सिग्नल हातावर घेतलाच होता. मला तो सकाळी स्वतः म्हणाला, त्याच्या घरी!"

"हो, तुम्ही त्याच्या घरी गेला होतात," सुषमा म्हणाली. "कलाबाईंनी तुम्हाला काय दिलं, ते जरा मोठ्याने सांगा."

"रोट दिला. मी सांगितलं की."

रस्त्यात उभ्या असलेल्या बायकांमधून एक कुजबूज गेली आणि मग ती कुजबूज राहिली नाही. कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी दिली. वसावासाहेबांना काही कळेना. प्रवीणभाईंना तर मुळीच नाही.

कलाबाई रस्त्यातून निघून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

"सुकलाल मना पाठना भाऊ," ती म्हणाली. "दरसाल मनी कानबाईले यायचा. दरसाल मी त्याले पोळी वाढी, खीर वाढी. रोट कधी दिन्हा नही. तो दुसरा कुळना, आन मी या घरनी सून. त्या दिनलेबी रोटकडे देखीन हसना आन पोळी खाईसन नाचाले गया. मना सख्खा भाऊले मी रोट दिन्हा नही, आन तुले देसू?"

गजेंद्रने तोंड फिरवलं.

"रोट परक्याला देत नाहीत, साहेब," सुषमाने वसावासाहेबांना सांगितलं. "मेलो तरी देत नाही. प्रवीणभाईंना तेवढं माहीत नव्हतं. गोडवा यावा म्हणून त्यांनी गोष्टीत प्रसाद घातला. म्हणजे ते घरी गेलेच नाहीत, आणि गजेंद्र त्यांना काही बोललाच नाही. अपघाताचं कळताच ते आले, चौक रिकामा होता. आपल्या चावीने पेटी उघडली, कार्ड काढलं, खटका फिरवला. हातांना गुलाल लागेल म्हणून रुमाल धरला असेल, माणूस नीटनेटका आहे. यंत्राची चूक माणसाच्या गळ्यात बांधली. तीही कोणाच्या? ज्याचा मामा मेला त्याच्या."

प्रवीणभाईंनी एकदा वसावासाहेबांकडे बघितलं, एकदा बायकांच्या भिंतीकडे. मग पाटीच्या खांबाला हात टेकला. "मी मारलं नाही कोणाला," ते पुटपुटले. "मला फक्त सांगितलं होतं, महिना कोरा जाऊ द्या. एक चौक हातावर गेला असता तर सगळं काम हातचं जात होतं. अपघात झाल्यावर वाटलं, यंत्राचं नाव येण्यापेक्षा गजेंद्रचं आलेलं बरं... त्याला काय, थोडे दिवस आत, मग सुटेल."

"कार्ड?"

"घरी आहे."

वसावासाहेबांनी गजेंद्रच्या हातातली बेडी काढली आणि शिपायाला प्रवीणभाईंकडे बोट दाखवलं. प्रवीणभाई पोलिसांच्या गाडीत बसले. सुषमाने मोठा श्वास घेतला. संपलं, असं तिला वाटलं.

पण बायका हलल्या नाहीत.

"चला आता, रस्ता मोकळा करा," वसावासाहेबांनी हात जोडले. "मुलगा सुटला तुमचा. गाड्या तुंबल्यात पार उधन्यापर्यंत."

कलाबाई परत जाऊन कॅमेऱ्याखाली उभी राहिली होती. तिने मान वर करून त्या काचेच्या डोळ्यात बघितलं. दिवा पुन्हा तिच्यासाठी लाल झाला, टेम्पोंसाठी हिरवा.

"मोज ना आते आमले," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "मी इथून हालनार नही."

"अहो बेन, तुम्ही तरी सांगा यांना," साहेब सुषमाकडे वळले. "कंपनी सुधारेल यंत्र. अर्ज करा, निवेदन द्या. पद्धत असते एकेक."

"तोवर किती सुकलाल, साहेब?" सुषमा म्हणाली. "मी यांची वकील आहे. यांना हलवणं माझं काम नाही." आणि काळा कोट सावरत ती स्वतःच झेब्रा पट्ट्यांवर जाऊन कलाबाईच्या शेजारी उभी राहिली. रुपालीने लॅपटॉप मिटला आणि तीही गेली. पडद्यावर आकडा वाढला नसताच म्हणा, पण रस्त्यावर दोघी वाढल्या. भाईदास शेठच्या टेम्पोंना हिरवा मिळाला, गेला, परत मिळाला. एकाही ड्रायव्हरने किल्ली फिरवली नाही.

वसावासाहेबांनी चौकाकडे बघितलं, मग खिशात हात घातला आणि पुराव्याच्या पिशवीतून एक चावी काढली. गजेंद्रची चावी. ती त्यांनी त्याच्या लाल तळहातावर ठेवली.

"ड्युटी सोडल्याचा मेमो मिळेल तुला," ते म्हणाले. "पण ड्युटी अजून तुझीच आहे."

गजेंद्र पेटीपाशी गेला. झाकण उघडलं. या वेळी सगळ्यांसमोर, भर उजेडात, त्याने खटका धरला आणि फिरवला. पांढऱ्या खटक्यावर त्याची पाचही बोटं लाल उमटली.

"साहेब," तो मोठ्याने म्हणाला, "आता घेतला मी हातावर. आता लिहा माझं नाव."

चारी बाजूंना लाल दिवा लागला. मग कलाबाईने पदर खोचला आणि बायका रस्ता ओलांडू लागल्या, सावकाश, शेवटची बाई पलीकडे पोचेपर्यंत.